अमेरिकेतील कम्युनिटी ॲक्शन एजन्सी: अल्प उत्पन्न असलेल्या मराठी कुटुंबाने मदत कशी मिळवावी

अमेरिकेतील मराठी माणूस म्हटला की सॉफ्टवेअरमधली नोकरी आणि उपनगरातले घर डोळ्यांसमोर येते. परंतु भावाने किंवा बहिणीने केलेल्या अर्जावर दशकभराहून अधिक काळ वाट पाहून ग्रीन कार्ड मिळालेली, चाळिशी-पन्नाशीत मुलांना घेऊन येथे आलेली आणि पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात किंवा मोटेलच्या काउंटरवर ताशी पगारावर काम करणारी मराठी कुटुंबेही येथे आहेत. नवऱ्यापासून वेगळे झाल्यावर एकटीने मुले वाढवणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि नोकरी गेल्यावर बचत मोडून दिवस काढणारी घरेही आहेत. हिवाळ्यात गॅसचे बिल थकले, घरमालकाची नोटीस आली किंवा लहान मुलाला सांभाळायला कोणी नसल्याने कामावर जाणे अवघड झाले, की ही माणसे आधी नातेवाइकांकडे उसने मागतात, मग क्रेडिट कार्ड वापरतात, आणि जेथे सर्वांत आधी जायला हवे होते त्या कम्युनिटी ॲक्शन एजन्सीचे नाव त्यांना सर्वांत शेवटी कळते. तेथे कसे जावे, काय न्यावे आणि काय मागावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

ही संस्था काय आहे

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी १९६४ मध्ये गरिबीविरुद्ध लढा जाहीर केला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी ॲक्टवर स्वाक्षरी केली. या एजन्सींचा जन्म त्या कायद्यातून झाला. आज देशभरात अशा सुमारे १,००० एजन्सी आहेत. त्यांतील बहुतेक खासगी ना-नफा संस्था आहेत, तर काही थेट काउंटी किंवा शहर प्रशासनाचा भाग आहेत. १९८१ पासून त्यांचा पायाभूत निधी कम्युनिटी सर्व्हिसेस ब्लॉक ग्रँट या केंद्रीय अनुदानातून येतो आणि त्यावर इतर अनेक योजनांचा पैसा जोडला जातो. त्यांच्या संचालक मंडळात एक तृतीयांश लोकनियुक्त अधिकारी आणि किमान एक तृतीयांश अल्प उत्पन्न गटाचे प्रतिनिधी असावे लागतात, असे कायदाच सांगतो.

प्रत्येक एजन्सी आपल्या भागाच्या गरजा पाहून कार्यक्रम ठरवते, म्हणून न्यू जर्सीतल्या मावसभावाला जे मिळाले ते टेक्सासमध्ये मिळेलच असे नाही, आणि त्याला जे नाकारले गेले ते तुम्हालाही नाकारले जाईल असेही नाही. शिवाय एकाच छताखाली अनेक योजना चालत असल्यामुळे फक्त हातातले बिल दाखवून परत येणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. घराची संपूर्ण परिस्थिती एकदा नीट सांगितली, तर ज्या योजनेचे नावही आपण ऐकलेले नसते तिचा अर्जही त्याच बैठकीत होऊ शकतो.

पहिली पायरी: आपल्या भागाची एजन्सी शोधणे

नावावरून या संस्था ओळखू येत नाहीत. शिकागो परिसरातील कुक काउंटीत हे काम ‘सीडा’ नावाने ओळखली जाणारी संस्था करते, बोस्टनमध्ये ‘एबीसीडी’, सॅन होजे आणि सांता क्लारा काउंटीत ‘सेक्रेड हार्ट कम्युनिटी सर्व्हिस’, तर मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीत प्रशासनाचाच एक विभाग. त्यामुळे नावावरून शोधत बसण्यापेक्षा स्थानिक मदतसेवांची माहिती देणाऱ्या २११ या क्रमांकावर फोन करून आपला झिप कोड सांगावा आणि “आमच्या भागाची कम्युनिटी ॲक्शन एजन्सी कोणती?” असा नेमका प्रश्न विचारावा. नुसते “मदत हवी आहे” असे सांगितले तर चार वेगवेगळ्या धर्मादाय संस्थांचे क्रमांक मिळतात आणि मूळ पत्ता राहून जातो. कम्युनिटी ॲक्शन पार्टनरशिप या राष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावरही भागानुसार शोध घेता येतो.

फोनवर इंग्रजी बोलण्याची धास्ती असेल तर सुरुवातीलाच भाषेचे नाव सांगून दुभाषा मागावा. बऱ्याच कार्यालयांत फोनवरील दुभाषा सेवा मोफत उपलब्ध असते; मराठीचा दुभाषा लगेच न मिळाल्यास हिंदीचा सहसा मिळतो. शाळकरी मुलाला दुभाषा म्हणून पुढे करू नये. थकलेल्या भाड्याचे आकडे आणि आईवडिलांचे वाद त्याच्या तोंडून वदवून घेणे योग्य नाही, आणि चुकीच्या एका शब्दाने अर्जही अडकतो.

दुसरी पायरी: उत्पन्नाचे गणित

पात्रता ठरते ती केंद्र सरकार दरवर्षी जानेवारीच्या सुमारास जाहीर करत असलेल्या दारिद्र्यरेषेच्या आकड्यांवरून. २०२५ साली अलास्का आणि हवाई वगळता इतर राज्यांत हा आकडा एका व्यक्तीसाठी १५,६५० डॉलर आणि चार जणांच्या कुटुंबासाठी ३२,१५० डॉलर होता. मात्र बहुतेक योजनांची मर्यादा या रेषेच्या बरीच वर असते, आणि नेमके हेच ठाऊक नसल्यामुळे अनेक कुटुंबे अर्ज करत नाहीत.

समजा, चार जणांच्या घरात एकच कमावता आहे आणि ताशी १६ डॉलर दराने आठवड्याला ४० तास काम करतो. त्याचे वर्षाचे उत्पन्न ३३,२८० डॉलर होते, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वर. तरीही २०२५ च्या आकड्यांनुसार ब्लॉक ग्रँटच्या मूळ कायद्यातील १२५ टक्क्यांची मर्यादा ४०,१८७ डॉलर होती, स्नॅप या अन्नसाहाय्य योजनेची १३० टक्क्यांची मर्यादा ४१,७९५, गरोदर स्त्रिया व लहान मुलांच्या पोषणासाठी असलेल्या विक कार्यक्रमाची १८५ टक्क्यांची मर्यादा ५९,४७७, आणि घर ऊबदार करून देणाऱ्या वेदरायझेशन कार्यक्रमाची २०० टक्क्यांची मर्यादा ६४,३०० डॉलर. या सर्वांत हे कुटुंब उत्पन्नाच्या कसोटीवर बसते.

हिशेब करताना हातात येणारा पगार पाहू नये. कर आणि विम्याची कपात होण्यापूर्वीची, म्हणजे ग्रॉस रक्कम पाहावी. दर दोन आठवड्यांनी पगार मिळत असेल तर वर्षात २६ पगार होतात, २४ नव्हे. म्हणून महिन्याचे उत्पन्न काढताना एका पगाराला २६ ने गुणून १२ ने भागावे. रोख मिळणारी मजुरी, बेकारी भत्ता आणि भारतातील ठेवींचे व्याज यांविषयी विचारले गेल्यास खरेच सांगावे, कारण अर्जाखालील सही ही कायदेशीर प्रतिज्ञा असते.

आपल्या लोकांचे घोडे बहुधा अडते ते ‘घरात किती माणसे’ या प्रश्नावर. नव्याने आलेले कुटुंब पहिले वर्ष-दोन वर्षे भावाच्या घरी तळघरात किंवा वरच्या मजल्यावर राहते. मीटर एक, बिल भावाच्या नावावर. हीटिंगच्या मदतीसाठी एकत्र ऊर्जा खरेदी करणारे सगळे जण मिळून एक घर धरले जाते, म्हणून भावाचा पगारही मोजला जातो आणि अर्ज बहुधा बाद होतो. स्नॅपसाठी मात्र एकत्र खरेदी करून एकत्र स्वयंपाक करणारी माणसे म्हणजे एक घर, असा निकष आहे. चूल खरोखरच वेगळी असेल तर त्याच पत्त्यावर वेगळा अर्ज करता येतो. एका योजनेत ‘नाही’ आले म्हणून दुसरीचा नाद सोडू नये.

तिसरी पायरी: इमिग्रेशनची बाजू आधी तपासणे

हा भाग घाईने वाचण्यासारखा नाही. एच-वन-बी, एल-वन किंवा एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्ती स्वतः लायहीप या ऊर्जा-साहाय्य योजनेसाठी किंवा स्नॅपसाठी सहसा पात्र नसतात. घरात अमेरिकन नागरिक असलेले मूल असेल, तर त्याच्या वाट्यापुरता अर्ज करता येतो का, हे एजन्सीला विचारावे. विक कार्यक्रमात इमिग्रेशनची अट सहसा आड येत नाही. ग्रीन कार्डधारक प्रौढांना स्नॅपसाठी साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते, परंतु १८ वर्षांखालील ग्रीन कार्डधारक मुलांना ही प्रतीक्षा नाही, आणि लायहीपला पाच वर्षांची अटच लागू नाही. म्हणजे नुकतेच आलेले ग्रीन कार्डधारक कुटुंब हीटिंगच्या मदतीसाठी पहिल्याच हिवाळ्यात अर्ज करू शकते.

दुसरी भीती ‘पब्लिक चार्ज’ची, म्हणजे सरकारी मदत घेतल्याने पुढे ग्रीन कार्ड नाकारले जाईल का, ही. २०२२ च्या नियमानुसार एसएसआय किंवा टॅन्फसारखी रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणे एवढेच विचारात घेतले जाते. वीजबिलाची मदत, विक, स्नॅप किंवा लहान मुलांसाठीचा हेड स्टार्ट हा कार्यक्रम त्यात धरला जात नाही. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने हा नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याआधी जुलै २०२५ मध्ये आरोग्य व मानव सेवा विभागाने हेड स्टार्ट आणि ब्लॉक ग्रँटच्या सेवाही इमिग्रेशनच्या निर्बंधांखाली आणण्याची भूमिका घेतली, तिला अनेक राज्यांनी न्यायालयात आव्हान दिले, आणि त्यामुळे उत्तर राज्यानुसार वेगळे मिळू शकते. ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे त्यांनी कोणतीही सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी किंवा मोफत कायदेविषयक मदत केंद्राशी बोलावे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्यावर विसंबू नये.

ग्रीन कार्ड आधीच हाती असलेल्यांना नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ही कसोटी लागत नाही. मात्र सलग १८० दिवसांहून अधिक काळ भारतात राहून परतणाऱ्या कार्डधारकाला ती पुन्हा लागू होऊ शकते, हे सहा-सहा महिने गावी राहणाऱ्या ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे. आईवडिलांना बोलावताना मुलाने आर्थिक हमीपत्रावर सही केलेली असते. स्नॅप, मेडिकेड हा सरकारी आरोग्यविमा यांसारख्या योजनांत त्या मुलाचे उत्पन्न आईवडिलांचे म्हणून मोजले जाऊ शकते आणि दिलेल्या मदतीची भरपाई त्याच्याकडे मागितली जाऊ शकते.

चौथी पायरी: कागदपत्रांची फाइल

अर्ज रखडण्याचे सर्वांत मोठे कारण अपुरी कागदपत्रे हेच असते. प्रौढांची छायाचित्र असलेली ओळखपत्रे, घरातील सर्वांची सोशल सिक्युरिटी कार्डे, ग्रीन कार्डे, मुलांचे जन्मदाखले, गेल्या तीस दिवसांतील सर्व पे-स्टब (पगाराच्या पावत्या), घरभाड्याचा करार, गॅस आणि विजेची ताजी बिले, आणि आली असल्यास जोडणी तोडण्याची नोटीस एवढे सोबत असावे. ज्या प्रौढाला उत्पन्नच नाही त्याच्यासाठी ‘उत्पन्न नाही’ असा वेगळा जबाब भरून द्यावा लागतो. घरी असलेल्या पत्नीसाठी ही ओळ रिकामी सोडल्याने अर्ज परत येतो.

बिलाचा कागद नीट पाहून घ्यावा. खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, सेवेचा पत्ता आणि थकबाकी या चार गोष्टी त्यावर स्पष्ट दिसल्या पाहिजेत. फोनवर काढलेल्या छायाचित्रात वरचा कोपरा कापला गेला की खाते क्रमांकच नाहीसा होतो. महाराष्ट्रातील पासपोर्टवर ‘सुनीता रमेश’ असे पतीच्या नावासह पहिले नाव, बिलावर फक्त ‘सुनीता’ आणि पे-स्टबवर रमेशच आडनावाच्या जागी, असा घोळ वारंवार होतो. तिन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे सांगणारे दोन ओळींचे निवेदन सही करून आधीच जोडले, तर एक खेप वाचते. जुने जन्मदाखले केवळ मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतरकाराचे सहीनिशी प्रमाणपत्र लागते. मुलांचे भारतातील लसीकरणाचे कार्ड बालरोगतज्ज्ञाकडून राज्याच्या नमुन्यात उतरवून घ्यावे.

मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, प्रतीच द्याव्यात. अर्जासाठी कोणी शुल्क मागत असेल, तर तो एजन्सीचा माणूस नव्हे असे समजावे.

पाचवी पायरी: मुलाखत

पहिल्या भेटीला ‘इन्टेक’ म्हणतात. केसवर्कर प्रश्न विचारतो आणि उत्तरे संगणकात भरतो. येथे आपला संकोच नडतो. “तसे ठीक चालले आहे, फक्त हे एक बिल…” असे म्हणून लोक मुख्य अडचण पोटातच ठेवतात. घरात गरोदर स्त्री आहे का, पाच वर्षांखालील मूल आहे का, कोणाला दमा किंवा अपंगत्व आहे का, ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालते का, या उत्तरांवर प्राधान्यक्रम ठरतो. म्हणून ती न विचारता सांगावीत. शेवटी एक वाक्य अवश्य बोलावे: “आमचे कुटुंब आणखी कोणकोणत्या योजनांसाठी पात्र ठरते, ते तपासून सांगाल का?” निघण्यापूर्वी केसवर्करचे नाव, अर्ज दिल्याची तारीख आणि पावती घ्यावी.

कोणती मदत कशी मिळते

सर्वाधिक लोक येतात ते लायहीपसाठी. ही मदत बहुधा थेट गॅस किंवा वीज कंपनीच्या खात्यात जमा होते, आपल्या हातात रोख येत नाही. केंद्राचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि अनेक राज्ये त्या सुमारास अर्ज घेऊ लागतात. निधी संपला की खिडकी बंद होते, त्यामुळे जानेवारीतल्या बर्फाची वाट न पाहता शरद ऋतूतच अर्ज करावा. जोडणी तुटण्याच्या बेतात असेल तर संकटकालीन मदत वेगळी मागावी: कायद्यानुसार अशा पात्र घराला ४८ तासांत, आणि जिवाला धोका असेल तर १८ तासांत दिलासा देणारी काहीतरी कारवाई व्हावी लागते. म्हणून फोनवर “बिल थकले आहे” एवढेच न म्हणता “जोडणी अमुक तारखेला तुटणार आहे आणि घरात तान्हे बाळ आहे” असे सांगावे. भाड्यातच हीटिंग समाविष्ट असले तरी काही राज्यांत मदत मिळते.

ही मदत वर्षभराचे बिल फेडत नाही. न्यू जर्सीत पात्र ग्राहकांची जोडणी १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात तोडता येत नाही आणि इतर थंड राज्यांतही असे नियम आहेत, परंतु त्या काळात बिल माफ होत नाही, साचत जाते. कंपनीशी हप्ते ठरवून दरमहा काहीतरी भरत राहिल्यास १६ मार्चला धक्का बसत नाही.

बिल मुळातच कमी व्हावे यासाठी १९७६ पासून वेदरायझेशन कार्यक्रम आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहिलेली मोलाची सेवा हीच. तपासनीस घराच्या मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडद्यासह मोठा पंखा बसवून आतली हवा बाहेर खेचतो. मग खिडकीच्या कडेला, विजेच्या प्लगजवळ, माळ्याच्या झडपेपाशी हात धरला की बाहेरची थंड हवा कोठून शिरते ते बोटांना कळते. त्यानंतर फटी बुजवणे, माळ्यावर इन्सुलेशन घालणे, घर तापवणारी भट्टी दुरुस्त करणे ही कामे विनाशुल्क होतात. भाडेकरूंनाही ही सेवा मिळू शकते, मात्र मालकाची लेखी परवानगी लागते. प्रतीक्षायादी लांब असते; नाव आजच नोंदवावे.

लहान मुले असलेल्या घरांसाठी हेड स्टार्ट आहे. १९६५ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असून अर्ली हेड स्टार्ट गरोदर स्त्रिया आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी आहे. शिक्षण, जेवण, दात-डोळ्यांची तपासणी सारे मोफत. उत्पन्नाची मूळ मर्यादा दारिद्र्यरेषेएवढीच आहे, म्हणजे वरच्या उदाहरणातील कुटुंब थोडक्यात हुकते. परंतु घरात स्नॅप मिळत असेल तर मूल उत्पन्न न पाहताही पात्र ठरते. म्हणूनच आधी स्नॅपचा आणि मग हेड स्टार्टचा अर्ज, हा क्रम फायद्याचा. जागा आधी येणाऱ्याला मिळत नाहीत, गरजेच्या गुणांवर दिल्या जातात, तेव्हा शरद ऋतूतील प्रवेशासाठी वसंतातच अर्ज करावा. काही भागांत हेड स्टार्ट वेगळी संस्था चालवते. एजन्सी तिचा पत्ता देते.

घरभाड्याची मदत सर्वांत अनिश्चित. न्यायालयाची तारीख लागण्यापूर्वी, पहिली नोटीस येताच जावे. जानेवारीच्या अखेरीपासून १५ एप्रिलपर्यंत अनेक एजन्सी व्हिटा कार्यक्रमाखाली करविवरणपत्रे मोफत भरून देतात. कामासाठी वैध सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या कमावत्या पालकांना अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट मिळू शकते, आणि २०२४ च्या उत्पन्नासाठी तीन मुलांच्या घरात त्याची कमाल रक्कम ७,८३० डॉलर होती. भारतात बँक खाती असतील तर ते आधीच सांगावे, कारण असे विवरणपत्र स्वयंसेवकांच्या कक्षेबाहेरचे असू शकते, आणि परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची स्वतंत्र माहिती सरकारला द्यावी लागते. अन्नधान्य वाटप आणि इंग्रजीचे वर्ग यांसाठी कागदपत्रे सहसा फारशी लागत नाहीत.

अर्ज नाकारला गेला तर

नकार लेखी मागावा आणि त्यातील कारण वाचावे. बहुतेक वेळा तो अपात्रतेचा नसून एखादा कागद न मिळाल्याचा असतो, आणि ठरलेल्या मुदतीत तो दिला की अर्ज पुन्हा चालू होतो. लायहीपचा अर्ज फेटाळला गेला किंवा त्यावर वाजवी काळात निर्णयच झाला नाही, तर निष्पक्ष सुनावणी मागण्याचा हक्क केंद्रीय कायद्यानेच दिला आहे. मुदत नकारपत्रावर छापलेली असते. निधी संपल्यामुळे नकार आला असेल, तर पुढील हंगामाचे अर्ज कोणत्या तारखेला सुरू होतात ते त्याच भेटीत विचारून लिहून घ्यावे.

मंजुरी मिळाली तरी ती त्या हंगामापुरतीच असते. लायहीपचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, आणि पत्ता, नोकरी किंवा घरातील माणसांची संख्या बदलली तर संबंधित योजनांच्या नियमांनुसार ते कळवावे लागते. म्हणून कागदपत्रांची फाइल मोडून टाकू नये. तीत दर महिन्याचे पे-स्टब आणि बिले घालत राहावे आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एजन्सीला फोन करून नव्या अर्जाची वेळ ठरवून घ्यावी.